पाचशे तेरा तुकडे आणि आम्ही दोघे



गेल्या महिन्यात एका भगिनीचे पत्र आले. नाव-गाव छापू नका अशी तिची विनंती आहे, ती मी पाळते. पत्रात तिने लिहिले आहे : "मिस्टर रिटायर झाल्याला वर्ष झाले. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी टीव्ही. मुले आपापल्या संसारात. घरात आम्ही दोघेच, पण दिवसभरात दहा वाक्ये बोलणे होत नाही. भांडण नाही, मारझोड नाही, दारू नाही. मग तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू?"

हे पत्र मी दोनदा वाचले. कारण २०१६ साली मीच ते लिहिले असते.

आमचे मिस्टर माटुंग्याच्या रेल्वे वर्कशॉपात फिटर होते. ३६ वर्षे नोकरी झाली. आम्ही राहायला अंबरनाथला. पहाटे अंधारात डबा घेऊन बाहेर पडायचे आणि रात्री लोकलच्या गर्दीतून पिळून निघालेले घरी यायचे. मी घरी शिवणकाम करायची, मुलांचे बघायची. रविवारी पाणी भरणे, रेशन, कोणाचे लग्न, कोणाचे मयत. असा संसार चालला. भगिनींनो, खरे सांगायचे तर इतक्या वर्षांत आम्ही दोघे कामाशिवाय शेजारी शेजारी कधी बसलोच नव्हतो. बसायचे असते हेसुद्धा माहीत नव्हते. मग एक दिवस ते निवृत्तीचा हार गळ्यात घालून घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत बसले. ते बसले ते बसलेच.

मला राग यायचा. कशाचा ते सांगता येत नव्हते. झाडू मारताना त्यांच्या पायाजवळ आले की मी मुद्दाम जोरात झाडू आपटायची.

पझल आमच्या घरात आले ते चुकून. धाकट्या नातीचा वाढदिवस होता. मुलाने तिच्यासाठी खोका आणला, त्यावर एका किल्ल्याचे चित्र. आत ५०० तुकडे. पोर पाच वर्षांची. तिने एक तुकडा तोंडात घातला, दोन फेकले आणि बाहुली घेऊन निघून गेली. मुलगा म्हणाला, "राहू दे आई, चूक झाली माझी, मोठ्यांचं आहे ते." खोका आमच्याकडेच राहिला. महिनाभर कपाटावर पडून होता.

एका दुपारी मी बाजारातून आले तर मिस्टर जमिनीवर बसलेले, समोर चादरीवर सगळे तुकडे पसरलेले. मला वाटले जुळवत आहेत. कसले काय, ते मोजत होते! खोक्यावर ५०० लिहिले आहे तर खरेच ५०० आहेत का, की कंपनीने फसवले, हे त्यांना बघायचे होते. कामगार माणूस, मापाला पक्का. मोजले तर ५१३ भरले. त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा ५१३.

"अगं, तेरा जास्त दिलेत!"

मी म्हटले, "मग परत करून या दुकानदाराला." आणि आम्ही दोघेही हसलो. रिटायर झाल्यानंतर घरात झालेला तो पहिला हशा असावा.

ते तेरा तुकडे जास्त का, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी शोधून काढले. चित्राची लांबी-रुंदी ठरलेली असते. त्यात तुकड्यांच्या सरळ ओळी बसवायच्या तर २७ आणि १९ चा गुणाकार सोयीचा पडतो. तो होतो ५१३. काही कंपन्या २५ आणि २० घेतात, मग बरोबर ५०० भरतात. हजाराच्या खोक्यातही असेच असते. कोणी ४० गुणिले २५ असे हजार देते, कोणी ३८ गुणिले २७ म्हणजे १०२६. हे सगळे त्यांनी मला वहीवर आकृती काढून समजावले. एवढ्या वर्षांत त्यांनी मला काही समजावून सांगितल्याचे मला आठवत नव्हते. आणि मीही ऐकून घेतले.

तुकडे कापतात कसे, तेही त्यांनीच सांगितले, कारण डाय आणि प्रेस हे त्यांच्या ओळखीचे काम. पोलादाच्या पातळ, धारदार पट्ट्या वेड्यावाकड्या वळवून एका पाटावर बसवतात आणि चित्र चिकटवलेल्या पुठ्ठ्यावर तो साचा प्रेसने दाबतात. एका दाबात सगळे तुकडे कापले जातात. पूर्वी मात्र लाकडाच्या फळीवर चित्र चिकटवून एकेक तुकडा बारीक करवतीने कापायचे. त्या करवतीला इंग्रजीत जिग-सॉ म्हणतात, त्यावरून या खेळाला जिगसॉ पझल नाव पडले. आपल्याकडे कोणी चित्रकोडे म्हणते, कोणी 'चित्र जुळवा' म्हणते. आमच्या घरात पझलच.

पहिले आठ दिवस खूप वाईट गेले, हे त्या पत्रलेखक भगिनीला आधीच सांगून ठेवते. दोघांनी बसायचे ठरवले खरे, पण मिस्टरांच्या अंगात सुपरवायझर शिरला. मी तुकडा उचलला की, "तो नाही तिथला." मी दुसरा घेतला की, "आधी रंग बघ, रंग!" मी एक तुकडा लावला तर तो काढून, फिरवून, पुन्हा त्याच जागी लावून म्हणाले, "असा लावायचा." चौथ्या दिवशी मी उठले. म्हटले, "तुमचं वर्कशॉप तुम्हीच चालवा. मी तुमची खलाशी नाही." (खलाशी म्हणजे वर्कशॉपातला हेल्पर, माहीत नसेल त्यांच्यासाठी.) चार दिवस मी त्या चादरीकडे बघितले नाही. ते एकटेच बसायचे. पाचव्या दिवशी रात्री म्हणाले, "ये ना. खिडक्या तुझ्या, झाडं माझी. मी बघणार नाही तुझ्याकडे."

तेव्हापासून तो नियम झाला. दुसऱ्याच्या हातातल्या तुकड्याबद्दल बोलायचे नाही. विचारले तरच सांगायचे. आणि मी एक नियम माझा घातला : जेवण झाल्यावर भांडी दोघांनी मिळून उरकायची, मगच बसायचे. नाहीतर पुरुषमाणूस हात धुऊन खेळायला बसणार आणि बाई मोरीत. तसला छंद मला नको. आता ते भांडी विसळतात, मी घासते. नऊ ते दहा आमचा तास.

आमचे घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. पझल मांडायला टेबल कुठून आणणार? ५०० तुकड्यांचे चित्र साधारण ४९ गुणिले ३६ सेंटिमीटरचे होते, हजाराचे ७० गुणिले ५०. मिस्टरांनी अडीच फूट बाय दोन फुटांचा प्लायचा तुकडा आणला, कडांना घासून घेतले, वर जुनी चादर ताणून खालून खिळे मारले. कापडावर तुकडे घसरत नाहीत. दहा वाजले की वर दुसरा कपडा टाकून फळी पलंगाखाली सरकवायची. पाहुणे आले तरी अडचण नाही. सुटे तुकडे स्टीलच्या ताटांत रंगाप्रमाणे वेगळे ठेवतो : एका ताटात आकाश, एकात झाडे, एकात भिंती. पुरणपोळीच्या परातीत सध्या कोणते तरी तळे आहे. प्रकाश चांगला हवा. ट्यूबलाइट डोक्याच्या मागे असली तर आपलीच सावली पडते, म्हणून आम्ही एक लहान दिवा बाजूला ठेवतो.

सुरुवात कडांपासून. ज्या तुकड्याची एक बाजू सरळ, तो कडेचा. दोन सरळ, तो कोपऱ्याचा. ५१३ मध्ये कडेचे ८८ निघतात, कोपरे धरून. ती चौकट झाली की निम्मी भीती जाते. मग जिथे लिहिलेले काही आहे, माणूस आहे, खिडकी आहे, ते आधी. आकाश आणि पाणी शेवटी. जिथे सगळे एकच रंग असते तिथे रंग सोडून आकार बघावा लागतो. बाहेर आलेल्या भागाला आम्ही कान म्हणतो आणि आत गेलेल्याला खाच. 'दोन कान समोरासमोर, दोन खाचा' असे म्हटले की दुसरा शोधून देतो. असली आमची दोघांची एक भाषाच झाली आहे.

त्या पहिल्या पझलवरचा किल्ला जर्मनीतला होता. त्याचे नाव नॉयश्वानस्टाइन, उच्चारता उच्चारता जीभ वळते. लुडविग नावाच्या राजाने १८६९ साली बांधायला घेतला, १८८६ साली राजा वारला तेव्हा तो पुरा झालेलाही नव्हता, आणि काही आठवड्यांत लोकांना तिकीट लावून दाखवायला सुरुवात झाली. शेजारच्या मावशींनी फळीवर वाकून विचारले, "कोण राहतं गं एवढ्या घरात?" मी म्हटले, "कोणी नाही." त्या म्हणाल्या, "आणि आम्ही दहा बाय बारामध्ये आठ जणं!"

याच मावशी नंतर म्हणाल्या, "लहान मुलांचा खेळ आणि श्रीमंतांचे चोचले. तुम्हाला काय सुचतं?" मला ते लागले. वाचनालयात बसून, सुनेच्या मदतीने इंटरनेटवर बघून मी या खेळाची माहिती काढली. मावशींचे म्हणणे अर्धे खरे निघाले.

लंडनमध्ये १७६० च्या दशकात जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा कारागीर होता. त्याने लाकडाच्या फळीवर नकाशे चिकटवून देशांच्या सीमांवरून करवत चालवली आणि ते भूगोल शिकवायला विकले. बिचारा १७६९ साली तिशीतच गेला. ते नकाशे साहेबी घरांतल्या मुलांना मिळायचे. इंग्लंडच्या राजाच्या मुलांनाही त्यांच्या शिक्षिकेने असेच कापलेले नकाशे दिले होते. मोठ्या माणसांसाठी पझल आले ते १९०० च्या सुमारास. तेही लाकडाचे, हाताने कापलेले आणि महाग. अमेरिकेत १९०८ साली ५०० तुकड्यांचे पझल ५ डॉलरला होते आणि साध्या कामगाराचा महिन्याचा पगार ५० डॉलरच्या आसपास. पगाराचा दहावा हिस्सा! म्हणजे मावशींचे 'श्रीमंतांचे चोचले' तेव्हा बरोबरच होते. त्या काळी खोक्यावर चित्रही नसे. तुकडे एकमेकांत अडकतही नसत. कोणाला शिंक आली की संध्याकाळभराची मेहनत उधळली.

पण पुढची गोष्ट मावशींना माहीत नव्हती. १९२९ नंतर अमेरिकेत मोठी मंदी आली. कारखाने बंद पडले, लाखो माणसे घरी बसली. आपल्याकडे १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळमध्ये जे झाले ते ज्यांनी बघितले त्यांना ते वेगळे सांगायला नको. धडधाकट माणूस दिवसा घरात दिसू लागतो आणि घरातले सगळे हळू आवाजात बोलू लागतात. तर त्या मंदीत, १९३२ सालापासून, तिकडे पुठ्ठ्याची पझले निघाली. दर आठवड्याला नवे चित्र, वर्तमानपत्राच्या स्टॉलवर, २५ सेंटला. काही कंपन्या दात घासायच्या ब्रशबरोबर फुकट देत. १९३३ च्या सुरुवातीला आठवड्याला एक कोटी पझले खपत होती. काम गेलेले सुतार आणि कारागीर घरी करवत लावून लाकडाची पझले कापत आणि आसपास विकत किंवा भाड्याने देत. औषधांच्या दुकानांतून आणि वाचनालयांतून एका रात्रीसाठी पझल भाड्याने मिळे, आकाराप्रमाणे ३ ते १० सेंट. ज्यांना सिनेमाचे तिकीट परवडत नव्हते ते नवरा-बायको, मुले, म्हातारी माणसे असे दिव्याभोवती बसत.

मला ते चित्र डोळ्यांपुढे आले आणि मी मिस्टरांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरोबर आहे. हाताला काहीतरी लागतं. हात रिकामे राहिले की डोकं खातं." मला तेव्हा कळले की वर्षभर खुर्चीत बसलेला माणूस मला छळण्यासाठी बसला नव्हता. ३६ वर्षे कानस धरलेल्या हातांनी करायचे काय, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आता जी गोष्ट लिहिणार आहे ती लिहू की नको, असा विचार बरेच दिवस केला. मिस्टरांना विचारले. ते म्हणाले, "लिही. नाव नको."

१९८७ साली आम्हाला दुसरा मुलगा झाला. तो नऊ दिवस जगला. दहाव्या दिवशी सकाळी मिस्टर उठले, कपडे घातले आणि कामावर गेले. मी त्यांना डबा करून दिला नाही. त्यांनी मागितलाही नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात एक दगड बसला : या माणसाला काळीज नाही. पुढे तिसरा मुलगा झाला, मोठा झाला, लग्ने झाली, सगळे झाले. दगड हलला नाही. मी त्यांना कधी विचारले नाही. विचारून काय ऐकायचे होते?

किल्ल्याच्या पझलचे आकाश उरले होते. निळे, शंभराच्या वर तुकडे. एका रात्री दोघेही खाली मान घालून शोधत होतो. पंख्याचा आवाज तेवढा. आणि मान वर न करता ते म्हणाले, "त्या दिवशी मला कानस धरवत नव्हती."

मी विचारले, "कोणत्या दिवशी?"

"बाळ गेल्यावर, कामावर गेलो तेव्हा. माझ्या खलाशानं दिवसभर माझं काम केलं. मी चाकांच्या मागं बसून होतो. कुणाला दिसू नये म्हणून."

"मग रजा का नाही घेतली?"

बराच वेळ ते एक तुकडा इकडेतिकडे लावून बघत राहिले. "घरी राहिलो असतो तर तुझ्या तोंडाकडं बघावं लागलं असतं."

माझ्या हातात तुकडा होता, तो मी खाली ठेवला. त्या रात्री पुढे काही बोललो नाही. त्यांनी उठून चहा केला, साखर जास्त झाली होती. तीस वर्षे जे मला माहीत नव्हते ते मला असे कळले.

पझलमुळे हे झाले, असे मी म्हणणार नाही. पण समोरासमोर बसून, 'बोला, तुमच्या मनात काय आहे?' असे मी विचारले असते तर हा माणूस मेला तरी बोलला नसता. दोघांची नजर खाली, हात गुंतलेले, कोणाला कोणाच्या तोंडाकडे बघायचे बंधन नाही. अशा वेळी आपोआप निघते कधी कधी. रात्री दळायला बसलेल्या आपल्या आया-आज्या जात्यावर जे बोलायच्या ते एरवी कुठे बोलायच्या?

त्याच आकाशाने दुसरीही एक गोष्ट दाखवली. मिस्टर निळा म्हणून करडा तुकडा उचलायचे. मी सांगितले तर चिडायचे, नियमाची आठवण करून द्यायचे. शेवटी एकदा दिवसाउजेडी दोन तुकडे शेजारी ठेवून विचारले, तर त्यांना ते सारखेच दिसत होते. डोळे तपासले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मोतीबिंदू वाढला की डोळ्यातले भिंग पिवळसर होते, रंग मळके दिसू लागतात, निळ्याचा फरक तर विशेष कळत नाही. आणि हे इतके सावकाश होते की माणसाला आपले काही कमी झाले हे समजतही नाही. २०१८ मध्ये ऑपरेशन झाले. पट्टी निघाल्यावर घरी येऊन त्यांनी तोच खोका उघडला आणि म्हणाले, "अगं, हे आकाश एवढं निळं होतं?"

मात्र एक सावधगिरीची सूचना. पझल जुळवल्याने म्हातारपणी विसरभोळेपणा होत नाही, मेंदू तल्लख होतो, अशा जाहिराती येतात. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. जर्मनीतल्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या शंभर माणसांवर अभ्यास करून २०१८ साली तो प्रसिद्ध केला. ज्यांनी ३० दिवस रोज तासभर पझल जुळवले त्यांच्या बुद्धीत, न जुळवणाऱ्यांच्या तुलनेत, म्हणण्यासारखा फरक पडला नाही. जे वर्षानुवर्षे जुळवत आले होते त्यांची आकार-दिशा ओळखण्याची शक्ती चांगली आढळली, पण ती पझलमुळे की मुळातच चांगली म्हणून ते पझलकडे वळले, हे त्यावरून सांगता येत नाही. विसरायला होत असेल तर डॉक्टरांकडे जा. पझल हे औषध नाही.

खर्चाचे म्हणाल तर नवे खोके महाग पडतात, हे खरे. पण रद्दीवाल्याला सांगून ठेवा. आमच्या रद्दीवाल्याकडून आम्हाला दोन मिळाली. त्यातल्या एकात घराच्या खिडकीचा तुकडा नव्हता. हे शेवटी कळले, आणि त्यावरून आमचे कडाक्याचे भांडण झाले, कारण त्यांचे म्हणणे मी झाडून टाकला. कचऱ्याचा डबा उपसला, पलंग हलवला, त्यांच्या सदऱ्याचा खिसासुद्धा बघितला. नाही सापडला. दुसऱ्या दिवशी मिस्टरांनी त्या भोकावर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासली, आकार उमटला. औषधाच्या खोक्याचे दोन पुठ्ठे एकमेकांवर चिकटवून तेवढी जाडी केली, आकार कापला आणि बारीक कानशीने कडा घासल्या. नातीच्या रंगपेटीतून खिडकी रंगवली. तुकडा असा चपखल बसला की उचलायला नख लागते. रंग काही जमलेला नाही, लांबूनही ओळखू येतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला मात्र तोच आधी दाखवतात.

घरीही पझल बनते. जुन्या कॅलेंडरचे चित्र मैद्याच्या खळीने जाड पुठ्ठ्यावर चिकटवा, वर जड पुस्तके ठेवून रात्रभर सुकू द्या, मागच्या बाजूने पेन्सिलीने रेघा मारून कात्रीने कापा. लहान मुलांना २४ तुकडे पुरे, मोठ्यांना ६०-७०. कान-खाचांच्या नादी लागू नका, वाकड्या रेघा कापल्या तरी चालते. आम्ही नातवंडांसाठी त्या लंडनच्या कारागिरासारखा महाराष्ट्राचा नकाशा केला, जिल्ह्याच्या सीमांवरून कापून. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यापासून ३६ जिल्हे आहेत, म्हणजे ३६ तुकडे. मुंबई शहराचा तुकडा नखाएवढा झाला आणि पहिल्याच दिवशी हरवला! माझे माहेर वाशिमकडचे. माझे लग्न झाले तेव्हा तो अकोला जिल्हाच होता, १९९८ साली वाशिम निराळा झाला. नातीने विचारले, "आजी, तुझं गाव कुठल्या तुकड्यात?" मी आधी अकोला उचलला, मग खाली ठेवला.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये जगभर पझलची मागणी इतकी वाढली की कारखान्यांना पुरवठा करता येईना, असे वाचले. आमच्याकडे तीनच होती. ती आम्ही पुन्हा पुन्हा केली, मग चित्र खाली आणि पाठ वर करून केली. सगळे तुकडे करडे, फक्त आकारावर जुळवायचे. एका पझलला एक महिना लागला. बाहेर काय चालले होते ते आठवते आहे ना? आमच्या बिल्डिंगमधले दोघे गेले. रात्री नऊला फळी बाहेर काढायची म्हणून आम्ही दिवस मोजला.

स्पेनमध्ये वायादोलिद नावाच्या शहरात २०१९ साली या खेळाची जागतिक स्पर्धाही सुरू झाली. एकट्याची, जोडीची आणि चौघांच्या संघाची, घड्याळ लावून. मिस्टरांना सांगितले तर म्हणाले, "घड्याळ लावून? मग ती ड्यूटी झाली."

तर पत्र लिहिणाऱ्या ताई, तुम्हाला उत्तर द्यायचे राहिलेच. मिस्टरांना 'चला, जुळवू या' असे सांगू नका, ते उठणार नाहीत. शंभर-दोनशे तुकड्यांचे काही मिळाले तर ते जमिनीवर पसरून ठेवा आणि म्हणा, "जरा मोजून द्या हो, पूर्ण आहेत का ते." मग आपल्या कामाला लागा. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही. तुमच्याकडे पझलच पाहिजे असेही नाही. त्यांना पत्त्यांची आवड असेल, तुम्हाला गोधडीची असेल. पण दोघांचे हात एकाच गोष्टीत असतील असे काही तरी बघा. आणि जे होईल ते मला कळवा, नाव नाही छापणार.

आमच्या फळीवर सध्या हजारवाले आहे, मुलीने पाठवलेले. बोटी आणि तळे. आज चौथा दिवस. तीन कोपरे लागले, चौथा मिळत नाही. माझे म्हणणे तो परातीत आहे, त्यांचे म्हणणे मी परात नीट बघितलेली नाही. आता नऊ वाजत आले, भांडी व्हायची आहेत.